बोरन्हाणाचा कचरा

राजेंद्र नगरात प्रमोदिनीबाईंच्या घरी चहाला जायचं म्हणजे बशी हनुवटीखाली धरून बिस्कीट खायचं, हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. एखादा कण जमिनीवर पडलाच, तर बाई बोलत काही नसत, नुसत्या त्या कणाकडे बघत. मग पाहुणाच ओशाळून वाकायचा आणि तो कण उचलायचा. उचलून कुठे टाकू हेही विचारून घ्यायचा. हिरवी बादली ओल्याची, निळी सुक्याची. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं ते आपल्याच जिवावर, असं इथे प्रत्येकालाच वाटतं म्हणा, पण बाईंना जरा जास्तच वाटायचं. त्यांचे यजमान शंकरराव, बँकेतून रिटायर झालेले साधेसुधे गृहस्थ, एकदा चहाचा चोथा निळ्या बादलीत टाकून बसले होते. ते त्यांना अजून ऐकावं लागतं.

अशा घरात नात आली, रेवा. आता तिला दोन वर्षं पुरी होऊन वर काही महिने झाले होते. मुलगा जयेश सकाळीच कामावर जायचा. सून निधीचं ऑफिस घरूनच चालायचं, म्हणजे ती घरात असून नसल्यासारखी, खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर. त्यामुळे दिवसभर रेवा आजीच्या ताब्यात. आणि ताब्यात म्हणजे काय, बाईंनी पोरीला असं तयार केलं होतं की बघत राहावं. बाकीच्यांची पोरं या वयात भिंती रंगवतात, डाळीच्या डब्यात हात घालतात. रेवा नाही. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की ती आपली इवलीशी प्लास्टिकची बादली घेऊन फाटकाशी हजर. "गाली आली, गाली आली," असं ओरडत टाचा उंचावून उभी राहायची. गाडीवरचा बंटी तिला सलाम ठोकून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायचा आणि तिची बादली वेगळी रिकामी करायचा. त्या वेळी बाईंचा चेहरा बघण्यासारखा असे.

"माझ्याकडे हूं की चूं करत नाही पोर," हे बाईंचं आवडतं वाक्य. भजनी मंडळात, भाजीच्या ठेल्यावर, फोनवर नणंदेशी, कुठेही ते यायचं. आणि ते खोटंही नव्हतं. जेवताना रेवाचं एक शीत खाली पडलं तरी ती घास चावायची थांबायची, आजीकडे बघायची, खुर्चीवरून उतरून ते शीत उचलायची आणि बादलीत टाकून यायची. मग बाई म्हणायच्या, "शाब्बास." मग पुढचा घास.

गंमत अशी की हीच शहाणी मुलगी संध्याकाळ झाली की पार बदलायची. इकडे निधीने लॅपटॉप मिटला, की तिकडे रेवाने सूर लावलाच. लाल मोजे हवे होते आणि पिवळे घातले, रडली. पिवळे काढले, तर का काढले म्हणून रडली. आणि रडणं तरी कसं, जमिनीवर पालथं पडून, पाय आपटून, लाळ गाळून. निधीचं यावरचं औषध बाईंना मुळीच पटायचं नाही. ती ओरडायची नाही, आमिष दाखवायची नाही, सरळ पोरीच्या शेजारी फरशीवर बसायची आणि हळूच विचारायची, मोज्यांचा राग आला का, तुला स्वतः घालायचे होते का. मग नुसती बसून राहायची. पोर रडून रडून दमायची आणि शेवटी तिच्या मांडीत शिरायची.

स्वयंपाकघरात बाई भांडी जरा मोठ्यानेच ठेवायच्या. "घ्या, झाली सुरू मुलाखत," असं शंकररावांना ऐकू जाईल इतपत पुटपुटायच्या. रडणाऱ्या पोराला कधी कोणी विचारतं का, की बाळ, आपल्याला कसं वाटतंय? जयेशला काय आम्ही विचारून वाढवला? एकदा तर त्यांनी निधीला तोंडावर विचारलं, की दिवसभर माझ्याजवळ ही एवढी शहाणी, मग तुलाच बघून हिला काय होतं? त्यात थोडा खवचटपणा होता, कशाला नाही म्हणा. निधी काहीतरी बोलायला गेली आणि गिळून टाकलं. बाईंनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

आणि मग जानेवारी लागला आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं असं, की निधीच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं. संक्रांत झाली की येणाऱ्या सोमवारपासून रोज जायचं, तेही शहराबाहेर, राऊ गावाच्या पलीकडे. यात बाईंना चिंता करण्यासारखं काहीच नव्हतं. रेवा आहेच आपल्याजवळ, उलट आता कोणाची मधे लुडबूड नाही. पण त्या गच्चीत कपडे काढायला गेल्या होत्या आणि खालच्या ओट्यावर निधी बहिणीशी फोनवर बोलत होती. राऊला ऑफिसजवळच एक डे-केअर बघून आलेय, म्हणाली. चांगलं आहे, मोकळं आहे, मुलं मातीत खेळतात. सोमवारपासून रेवाला तिथेच ठेवीन म्हणते. "आईंना अजून सांगितलं नाही. कसं सांगू तेच कळत नाहीये यार."

बाई वाळलेला टॉवेल छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. पाळणाघर? घरात धडधाकट आजी असताना पाळणाघर? काय कमी केलं मी? रागाच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते त्यांनी रात्री शंकररावांनासुद्धा सांगितलं नाही. रेवा गेली, तर हे घर इतकं स्वच्छ राहील की पुसायलाही काही उरणार नाही. सकाळची गाडी येईल, बंटी कोणालाही सलाम न करता निघून जाईल. मग दिवसभर करायचं काय? त्या विचाराने त्यांना रडूच आलं.

शंकरराव म्हणाले, अगं, सरळ विचार तिला. बाई म्हणाल्या, मी का विचारू? ती सांगेल तेव्हा सांगेल. त्यापेक्षा त्यांनी वेगळाच बेत केला. रविवारी रेवाचं बोरन्हाण करायचं. गेल्या वर्षी पोर तापाने फणफणली होती म्हणून राहिलं होतं. आता थाटात करायचं, गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलवायचं, आणि बघू दे सगळ्यांना आणि निधीलाही, की पोर कशी पाटावर मूर्तीसारखी बसते, कोणाच्या हाताखाली घडतेय. मग न्या म्हणावं पाळणाघरात, हिंमत असेल तर.

तयारी दणक्यात झाली. काळं झबलं आलं, त्याला चंदेरी टिकल्या. हलव्याचे दागिने जुनी इंदूर भागातल्या एका ओळखीच्या बाईंकडून खास करवून आणले, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं. शंकररावांना बोरं आणि उसाची गंडेरी आणायला पिटाळलं. परमल आणलं, म्हणजे आपले मुरमुरे. इंदुरात त्याला परमलच म्हणायचं, मुरमुरे म्हटलं की दुकानदार तुम्हाला पुण्याचे समजतो. रेवड्या, बत्तासे, चॉकलेटं. रविवारी सकाळी हे सगळं मोठ्या परातीत कालवत असताना रेवा शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिने मूठभर परमल उचललं आणि चारदोन दाणे फरशीवर पडले. बाई कामात होत्या, त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. रेवाने मूठ परातीत रिकामी केली, पडलेले दाणे एकेक करून टिपले आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन, कोरडं म्हणून, निळ्या बादलीत टाकून आली. "शाब्बास माझी बाय," बाई म्हणाल्या. त्या जाम खूश होत्या. पोर आज नाव काढणार.

पाच वाजता बायका जमल्या. शेजारच्या मंगलाताई जरीचं नेसून आल्या, समोरची पूर्णिमा आपली दोन पोरं घेऊन आली, आणखीही आठदहा जणी. हॉल भरला. मधोमध पाट, भोवती रांगोळी. निधीने रेवाला कडेवरून आणून पाटावर बसवलं, आणि खरंच सांगतो, पोर काय गोड दिसत होती. काळ्या झबल्यात गोरी गोरी, डोक्यावर पांढरा मुकुट. एवढे सगळे लोक बघून जरा बावरली, पण बसली. बाईंनी ओवाळलं, तरी बसून. हलवा टोचत असणार, तरी बसून. बायका म्हणाल्या, किती गं समजूतदार. बाईंनी निधीकडे एक नजर टाकली. त्या नजरेत सगळं होतं.

मग आजीचा पहिला मान. बाईंनी परातीतून भांडं भरून घेतलं आणि "अगं बाई, न्हाण आलं, न्हाण आलं" म्हणत रेवाच्या डोक्यावर ओतलं. परमल खांद्यावरून घरंगळलं, बोरं टपाटप फरशीवर पडली, रेवड्या टिपऱ्यांसारख्या वाजल्या. बायकांनी टाळ्या पिटल्या. लगोलग मंगलाताईंनी ओतलं, मग पूर्णिमाने. पूर्णिमाची पोरं चॉकलेटांवर तुटून पडली आणि त्यांच्या पायाखाली परमलाचा चुरा झाला.

रेवा हलली नव्हती. तिने फरशीकडे बघितलं, मग आजीकडे, मग परत फरशीकडे. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असा काही टाहो फोडला की टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

मग काय, जो तो डॉक्टर. मंगलाताई म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या आणा. पूर्णिमा म्हणाली, फोन दाखवा, एकदम चुप होईल. जयेश व्हिडिओ काढत होता, तो फोनच्या आडून "रेवू, इधर देख ना, स्माईल कर," असं विनवत होता. शंकररावांनी चॉकलेट पुढे केलं, ते तिने भिरकावलं. मुकुट ओढून काढला, त्याचे दोन तुकडे झाले. आणि पाटावरून उतरून ती हुंदके देत देत जमिनीवर रांगायला लागली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले काय आणि झालं काय. सगळ्यांच्या देखत, निधीच्या देखत. त्यांनी आपला नेहमीचा आवाज काढला, मोठा नाही, खालचा, ज्याने एरवी काम व्हायचं. "रेवा, पाटावर बस." पोर दुप्पट जोराने किंचाळली. बाईंचा हात उठला नाही, पण उठायच्या बेतात होता, हे त्यांचं त्यांना कळलं.

निधी तोवर साडी सावरत खाली बसली होती. तिने बायकांना म्हटलं, दोन मिनिटं थांबू या का, तिला काहीतरी होतंय. आणि पोरीला विचारायला लागली, आवाज फार झाला का, बोर लागलं का. पण आज मुलाखतही चालेना. रेवाने आईचाही हात झटकला. तिला वेळच नव्हता. तिने दोन्ही मुठीत परमल गोळा केलं आणि रडत रडत मागच्या व्हरांड्याकडे पळाली. निळ्या बादलीत टाकून परत आली. पुन्हा मूठ भरली, पुन्हा पळाली. तिसऱ्या खेपेला हातात बोर होतं. दारात थांबून तिने त्याच्याकडे बघितलं, हुंदका दिला, आणि हिरव्या बादलीकडे वळली.

बायका हसत सुटल्या. ही तर नगर निगमच्या सफाई खात्यातलीच निघाली, प्रमोदिनीताई, असं म्हणत मंगलाताईंनी डोळे पुसले. जयेशही हसला. न हसण्यासारखं त्यात काय होतं?

प्रमोदिनीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. कारण प्रत्येक खेपेला जाता येता पोर त्यांच्याकडे बघत होती, आणि ते बघणं त्यांच्या ओळखीचं होतं. बिस्किटाचा तुकडा पडला की पाहुणे बघतात ना, तस्सं.

त्या उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. रेवा बादलीशी उभी होती, नाक वाहत होतं, मुठी अजून भरलेल्या. बाईंचे गुडघे काही खाली बसण्याच्या कामाचे राहिले नव्हते. पण त्या भिंतीला धरून, आई गं म्हणत, नवीन साडीसकट फरशीवर बसल्या. आता पुढे काय करायचं हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून मग ज्या मुलाखतीला इतके दिवस नावं ठेवली, तीच घ्यायला लागल्या.

"काय झालं गं बाळा? कशाची भीती वाटली?"

रेवाने मुठी उघडून दाखवल्या. तिला नीट बोलता येईना, हुंदक्यांमधून एकेक शब्द निघाला. "खूप शांडलं. खूप कचला." मग आजीच्या अगदी कानाशी येऊन तिने हळूच सांगितलं, "आजी लागावेल."

ती आजीचं गाऱ्हाणं आजीलाच सांगत होती. सकाळी चार दाणे पडले तर भुवया वर झाल्या होत्या. आणि आत्ता त्याच आजीने हसत हसत भांडंभर ओतलं, सगळ्यांनी ओतलं. हे आता कोण उचलणार आणि कोण कोणावर रागावणार, याचा त्या एवढ्याशा डोक्याने काय विचार करायचा? पोर हट्ट करतच नव्हती. शिकवलं तेच करत होती, आणि ते करताना भीतीने तिचा जीव चालला होता. बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त त्या पोरीची माया आली.

"आजी नाही रागावणार," त्या म्हणाल्या. रेवाने त्यांच्या भुवयांकडे बघितलं. तिला ते पटलं नव्हतं. का पटावं? नुसतं म्हणून भागणार नव्हतं.

बाई जशा बसल्या होत्या तशा भिंतीला धरून उठल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि हॉलमध्ये आल्या. तिला निधीजवळ उभं केलं आणि स्वतः जाऊन पाटावर बसल्या. मांडी घालून, ताठ, रांगोळीच्या मधोमध. मंगलाताईंना म्हणाल्या, "घ्या भांडं. ओता माझ्या डोक्यावर."

मंगलाताईंना वाटलं, या सैरभैर झाल्या. ताई, काहीतरीच काय, लोक काय म्हणतील, असं त्या म्हणायला लागल्या. बाई म्हणाल्या, लोक इथेच बसलेत, त्यांनाच विचारा, पण ओता. मंगलाताईंनी भीत भीत चिमूटभर परमल टाकलं. "देवाला अक्षता वाहताय का? भरून ओता." मग मात्र मंगलाताईंनी भरून ओतलं. परमल अंबाड्यात अडकलं, एक बोर चष्म्यावर आपटून टुणकन उडालं, आणि एक रेवडी पोलक्याच्या पाठीतून जी आत शिरली ती थेट कमरेपर्यंत घरंगळत गेली.

रेवा निधीचा पदर धरून आजीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. बाईंनी ठरवलं होतं की पोरीला दाखवायला म्हणून हसायचं. पण ती रेवडी पाठीत अशी काही गुदगुल्या करत होती की त्यांना खरंखुरं हसू फुटलं. बाई खदखदून हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या गल्लीत त्यांना असं हसताना कोणी बघितलं नसेल.

रेवा पुढे आली. तिने फरशीवरचा परमलाचा एक दाणा उचलला. आजीच्या डोक्यावर हात नेला, आणि तिच्या डोळ्यांत बघत तो सोडला. दाणा नाकावरून खाली पडला. रेवा थांबली. भुवया काही वर झाल्या नाहीत.

"आणखी," आजी म्हणाली.

मग मूठभर. मग दोन मुठी. मग पोरीने परातीतच हात घातले आणि ओंजळीओंजळीने आजीला न्हाऊ घातलं. "आजीला न्हाण, आजीला न्हाण," असं किंचाळत होती, आणि आता त्या किंचाळण्यात नुसता आनंद होता. पूर्णिमाची पोरं धावली, बायकाही धावल्या, आणि शंकररावांनी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. भांडं काठोकाठ भरून ते मागून आले आणि "हे चहाच्या चोथ्याबद्दल" म्हणत बायकोच्या डोक्यावर पालथं केलं. शेवटी रेवा आजीच्या मांडीत चढून बसली. "लेवाला पण," म्हणाली. मग दोघींवर मिळून बोरं, गंडेऱ्या, चॉकलेटं, सगळ्याची बरसात झाली. अशा रीतीने रेवाचं बोरन्हाण पार पडलं, आजीचंही पार पडलं.

बायका तिळगूळ घेऊन, केसांतलं परमल झटकत घरी गेल्या. हॉलची दशा तर बघवत नव्हती. निधीने केरसुणी हातात घेतली, तशा बाई म्हणाल्या, राहू दे आज. जयेशने वळून आईकडे बघितलं, की बरी आहे ना ही. रेवा पडलेल्या परमलावरून मुद्दाम पाय घासत फिरत होती, कुरकुर आवाज ऐकत होती, थांबून पुन्हा घासत होती. बाई पाटाशेजारीच फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. आता विचारायचंच, म्हणून त्यांनी विचारलं, राऊचं ते पाळणाघर कसं आहे?

निधीच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. मग ती खाली बसली, बाईंच्या समोर. तुम्हाला कसं कळलं हे तिने विचारलं नाही. म्हणाली, चांगलं आहे. बाई म्हणाल्या, मी जवळ असताना का, एवढं सांग. मी काही म्हणणार नाही.

निधी परमल बोटांनी गोळा करत राहिली. मग म्हणाली, "ती तुमच्याकडे रडत नाही म्हणून, आई." बाईंना काही उमगेना. त्यांना तर तोच अभिमान होता. निधी म्हणाली, दोन वर्षांची मुलगी दिवसभर रडत नाही, सांडत नाही, नको म्हणत नाही, हे बघून मला भीती वाटायची. दिवसभराचं सगळं साठवून ठेवते आणि संध्याकाळी माझ्याजवळ काढते. मूल आपल्या माणसापाशीच मोकळं रडतं. "ती तुमच्यापाशी शहाणी असायची. मला वाटायचं, तिने तुमच्यापाशी वेडी पण असावं."

बाईंना ते लागलं. चांगलंच लागलं, खोटं कशाला बोला. दुसरा दिवस असता तर त्यांनी दोन शब्द ऐकवले असते. आज केसात परमल घेऊन बसल्यावर ऐकवणार काय? त्या म्हणाल्या, माझी नजर काही एका दिवसात जायची नाही. सांडलं की माझ्या भुवया वर होणार, मी थांबवायचं म्हटलं तरी होणार. पण मग मी खाली बसेन आणि तिला विचारेन, एवढं करू शकते. बाकी तुम्ही ठरवा, मी रुसणार नाही.

निधी काही बोलणार, तेवढ्यात आतून रेवाची आरोळी आली. जयेश तिचं काळं झबलं बदलायला तिला आत घेऊन गेला होता. झबलं काढायचं नव्हतं. झोप आलेली, भूक लागलेली, अंगाला हलव्याची साखर चिकटलेली, पण झबलं काढायचं नव्हतं म्हणजे नव्हतं. अर्धं निघालेलं झबलं एका हातात लोंबत, ती रडत बाहेर पळत आली. आई आणि आजी समोरासमोर बसल्या होत्या, दोघींच्या मधे हातभर अंतर. निधीने सवयीने हात पसरले.

रेवा आजीच्या मांडीवर जाऊन पालथी पडली. पाय आपटले, आजीच्या गुडघ्यावर बुक्क्या मारल्या, नवीन साडीला नाक पुसलं आणि गळा काढून रडली. बाईंच्या ओठांवर आलं होतं, शहाणी ना तू. ते त्यांनी गिळलं. त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झबलं आवडलंय ना. काढायचं नव्हतं. रड." रेवाला तेवढंच पाहिजे होतं. ती आणखी जोराने रडली.

बाईंनी नातीच्या डोक्यावरून सुनेकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा नुसता फुलला होता. "निधी, माझ्याजवळ रडतेय गं," त्या म्हणाल्या.

"ऐकू येतंय, आई. सगळ्या गल्लीला ऐकू येतंय," निधी म्हणाली. ती हसत होती आणि पदराने डोळेही टिपत होती. "सोमवारीही असंच ऐकू येऊ दे. राऊच्या डे-केअरला मी नको म्हणून कळवते."